निन्टेन्डो वीवर होमब्रू : एसडी कार्ड, पेन ड्राइव्ह की हार्ड डिस्क? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होमब्रू म्हणजे निन्टेन्डोने नव्हे, तर हौशी लोकांनी वीसाठी लिहिलेले प्रोग्रॅम. खालची उत्तरे २००६ साली आलेल्या मूळ वी कन्सोलसाठी आहेत. वी मिनी आणि वी यू यांचे वेगळेपण शेवटाकडे आले आहे. गेमच्या प्रती तुमच्या स्वतःच्या डिस्कवरून काढलेल्या आहेत असे धरले आहे. त्या कुठून उतरवायच्या, हे इथे विचारू नका.

एका वाक्यात सांगा, काय घेऊ?

होमब्रू अ‍ॅप्स आणि सिस्टिमच्या कामांसाठी चांगल्या कंपनीचे ४ ते ३२ जीबीचे एसडी कार्ड. डिस्कवरचे गेम साठवून खेळायचे असतील तर त्याच्या जोडीला यूएसबी हार्ड डिस्क. पेन ड्राइव्ह घरात पडून असेल तर वापरून बघा, पण या कामासाठी मुद्दाम विकत घेऊ नका. फक्त जुने एम्युलेटर आणि छोटी साधने चालवायची असतील तर हार्ड डिस्कचा खर्चही नको, कार्डावर भागते.

एसडी कार्ड किती जीबीचे असावे? जितके मोठे तितके चांगले, असे नाही का?

नाही. वी आली तेव्हा तिला २ जीबीपर्यंतचीच साधी एसडी कार्डे समजत होती. मार्च २००९ मध्ये सिस्टिम मेनू ४.० आला आणि एसडीएचसी, म्हणजे ३२ जीबीपर्यंतची कार्डे चालू लागली. त्यामुळे आधी सेटिंग्जमध्ये उजव्या कोपऱ्यात मेनूचा आकडा बघा. ३.४ किंवा त्याआधीचा असेल तर पहिल्या इन्स्टॉलसाठी २ जीबीचे जुने कार्ड शोधा. जुन्या डिजिटल कॅमेऱ्यात ते हमखास सापडते. ४.३ असेल तर ३२ जीबीपर्यंत निर्धास्त राहा.

६४ जीबी आणि वरची कार्डे एसडीएक्ससी प्रकारची. ती बाजारातून एक्सफॅट फॉरमॅटमध्ये येतात आणि वीला एक्सफॅट कळत नाही. फॅट३२ करून घेतली तर बऱ्याच होमब्रूमध्ये ती चालतात, पण कन्सोलचा स्वतःचा एसडी मेनू त्यांची हमी देत नाही. अ‍ॅप्सचे सगळे फोल्डर मिळून एक-दोन जीबीही भरत नाहीत. मग चौसष्टचा अट्टहास कशाला?

क्लास १०, यूएचएस, व्ही३० यांतले काय बघायचे?

काहीच नाही. हे आकडे सलग व्हिडिओ लिहिण्याच्या वेगाचे आहेत आणि वीचा खाचा त्यांच्या जवळपासही जात नाही. क्लास ४ चे जुने कार्ड आणि आजचे महागडे कार्ड यांत तुम्हाला फरक जाणवणार नाही. पैसे वेगावर घालण्यापेक्षा अस्सल मालावर घाला.

मायक्रोएसडी कार्ड अडॅप्टरमध्ये घालून चालेल का?

चालते, पण 'कार्ड मधूनच गायब होते' या तक्रारीत दोषी बहुतेक वेळा अडॅप्टर निघतो. स्वस्त अडॅप्टरचे पितळी पाय सैल असतात, त्यामुळे कार्ड कधी दिसते, कधी नाही. कार्डासोबत त्याच कंपनीचा आलेला अडॅप्टर वापरा.

अडॅप्टरच्या आणि पूर्ण आकाराच्या कार्डाच्या डाव्या कडेला एक छोटी सरकती खिटी असते. ती खाली, म्हणजे लॉककडे, सरकली की कार्ड फक्त वाचता येते. मग अ‍ॅप्स उघडतात पण सेटिंग्ज जतन होत नाहीत आणि बॅकअप पहिल्या पायरीलाच थांबतो. खाच्यात कार्ड ढकलताना ही खिटी घासून आपोआप खाली येते. सैल झाली असेल तर वरच्या स्थितीत ठेवून चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावा.

खाचा समोरच्या झडपेमागे आहे, लाल सिंक बटणाशेजारी. घरात लहान मूल असेल तर कार्ड डिस्कच्या फटीत जाऊ शकते. तिथे गेलेले कार्ड काढायला कन्सोल उघडावा लागतो आणि त्याला त्रिकोणी दाढ्यांचा, तीन पाकळ्यांचा स्क्रूड्रायव्हर लागतो.

कार्ड नकली आहे हे कसे ओळखायचे?

डब्यावरून आणि छपाईवरून ओळखू येत नाही. लॅमिंग्टन रोडवर घेतलेले असो की ऑनलाइन मागवलेले, वापरण्याआधी पूर्ण भरून तपासा. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि मॅक-लिनक्सवर एफथ्री हे मोफत प्रोग्रॅम त्यासाठीच आहेत. ते कार्ड शेवटच्या बाइटपर्यंत भरतात आणि लिहिलेले परत वाचून ताडतात.

नकली कार्डात आत ४ किंवा ८ जीबीची चिप असते आणि कंट्रोलर मात्र ३२ असल्याचे सांगतो. पहिले चार जीबी सुरळीत जातात, म्हणून सुरुवातीला शंका येत नाही. पुढचा डेटा आधीच्या डेटावर जाऊन बसतो किंवा हवेत विरतो. वीवर त्याची लक्षणे अशी : कालपर्यंत चालणारे अ‍ॅप आज काळ्या पडद्यावर अडकते, फोल्डरांची नावे चित्रविचित्र अक्षरांत दिसतात. माणसे मग कन्सोल बिघडला समजून घाबरतात.

वेळ लागतो, हे मान्य. लिहिण्याचा वेग सेकंदाला १० एमबी धरला तर ३२ जीबी भरायलाच पाऊण-एक तास, वर वाचायचा वेळ वेगळा. तरी करा, कारण याच कार्डावर तुमच्या कन्सोलच्या मेमरीची एकमेव प्रत जाणार आहे.

फॉरमॅट नेमके कसे करायचे?

फॅट३२, एमबीआर पार्टिशन टेबल (डिस्कचे भाग नोंदवण्याची जुनी पद्धत), एकच प्रायमरी पार्टिशन, क्लस्टर (फाइलला जागा देण्याचे एकक) ३२ किलोबाइट. कार्ड असो की डिस्क, चारही गोष्टी सारख्याच.

विंडोजवर ३२ जीबीपर्यंतचे कार्ड : ड्राइव्हवर उजवे क्लिक, फॉरमॅट, फाइल सिस्टिम फॅट३२, 'अ‍ॅलोकेशन युनिट साइझ'मध्ये ३२ किलोबाइट, क्विक फॉरमॅट चालेल. २ जीबीच्या जुन्या कार्डाला विंडोज साधे फॅट सुचवते. तेही वीला वाचता येते.

मॅकवर डिस्क युटिलिटी उघडा आणि आधी 'शो ऑल डिव्हायसेस' निवडा. नाहीतर स्कीम निवडायची जागाच दिसत नाही. मग फॉरमॅट 'एमएस-डॉस फॅट' आणि स्कीम 'मास्टर बूट रेकॉर्ड'. मॅक प्रत्येक फाइलसोबत टिंब आणि अंडरस्कोरने सुरू होणारी एक लपलेली जोडफाइल कार्डावर टाकतो. त्या कार्ड काढण्याआधी पुसून टाकलेल्या बऱ्या.

लिनक्सवर फॅट करण्याच्या आज्ञेत क्लस्टरसाठी ६४ सेक्टर सांगा. सेक्टर ५१२ बाइटचा, म्हणजे ६४ सेक्टरांचे बरोबर ३२ किलोबाइट.

विंडोज मोठ्या डिस्कला फॅट३२चा पर्यायच देत नाही.

फॉरमॅटची नेहमीची खिडकी ३२ जीबीच्या वर फॅट३२ दाखवत नाही. फक्त एक्सफॅट आणि एनटीएफएस दाखवते. ही विंडोजची स्वतःची आडकाठी आहे, फॅट३२ची मर्यादा नाही. जीयूआयफॉरमॅट नावाचा छोटा प्रोग्रॅम घ्या, क्लस्टरमध्ये ३२७६८ निवडा, झाले. 'ड्राइव्ह दुसरा प्रोग्रॅम वापरत आहे' असा संदेश आला तर फाइल एक्सप्लोररची खिडकी बंद करा आणि पुन्हा करा.

नवी हार्ड डिस्क जीपीटी, म्हणजे नव्या पद्धतीचे, टेबल घेऊन आली असेल तर आधी डिस्क मॅनेजमेंटमधून तिचे सगळे पार्टिशन काढून एमबीआर करावी लागते. ही पायरी गाळली की डिस्क संगणकावर ठणठणीत दिसते आणि होमब्रू चॅनल, म्हणजे वीवर होमब्रू उघडणारा मेनू, तिला ओळखतच नाही. आणि फॉरमॅट करण्याआधी ड्राइव्हचे अक्षर दोनदा वाचा. संगणकाला त्या वेळी दुसरी बाहेरची डिस्क जोडलेलीच ठेवू नका.

होमब्रू चॅनल उघडते, बुडबुडे दिसतात, पण एकही अ‍ॅप नाही.

दहांतल्या नऊ वेळा फोल्डर चुकलेला असतो. कार्डाच्या मुळाशी, कुठल्याही फोल्डरच्या आत नाही, लहान इंग्रजी अक्षरांत 'अ‍ॅप्स' हा फोल्डर हवा. त्यात प्रत्येक अ‍ॅपचा एक फोल्डर आणि त्यात थेट 'बूट डॉट डीओएल' ही फाइल. झिप उलगडताना विंडोज झिपच्या नावाचा आणखी एक फोल्डर बाहेरून घालते. मग अ‍ॅप्सच्या आत अ‍ॅपचा फोल्डर, त्याच्या आत पुन्हा त्याच नावाचा फोल्डर, अशी उतरंड होते. होमब्रू चॅनल एकाच पायरीपर्यंत उतरते.

फाइलचे नाव प्रोग्रॅमच्या नावाने राहिले असेल तर ते बदलून 'बूट' करावे लागते. विंडोजमध्ये एक्स्टेन्शन लपवलेली असली तर शेवटी 'डीओएल' दोनदा लागते आणि ते दिसतही नाही. म्हणून 'व्ह्यू'मधून एक्स्टेन्शन उघडी करून ठेवा.

कार्ड आणि यूएसबी दोन्ही लावलेले असतील तर चॅनल कदाचित दुसरीकडे बघत असेल. रिमोटवरचे १ बटण दाबून साधन बदला.

कार्ड काढले तर होमब्रू चॅनल जाईल का?

जात नाही. चॅनल कन्सोलच्या ५१२ एमबीच्या आतल्या मेमरीत बसते. कार्डावर असतात ती फक्त अ‍ॅप्स. कार्ड हरवले तर नव्यावर अ‍ॅप्स पुन्हा टाकायची. नँड बॅकअप, म्हणजे आतल्या मेमरीची पूर्ण प्रत, मात्र कार्डाबरोबर जातो, तो आधीच संगणकावर उतरवून ठेवा.

सगळे यूएसबीवरच ठेवले तर? कार्डाची गरजच काय?

दोन कामे कार्डाशिवाय होत नाहीत. पहिले, लेटरबॉम्बने, म्हणजे वीच्या मेसेज बोर्डवरून उघडायच्या खास फाइलने, होमब्रू चॅनल घालायचे असेल तर ती फाइल कन्सोल कार्डावरूनच वाचतो. दुसरे, बूटमी. आतल्या मेमरीची पूर्ण प्रत घेणारे आणि ती परत घालणारे हे साधन फक्त एसडी खाचा ओळखते. यूएसबीला कितीही मोठी डिस्क लावा, त्याला ती दिसत नाही.

ही प्रत म्हणजे तुमचा विमा आहे, ती आधी घ्या, बाकीचे प्रयोग नंतर. मेमरीचे ४०९६ ब्लॉक वाचले जातात आणि तयार होणारी फाइल ५२८ एमबीची असते, सोबत कूटलेखनाच्या किल्ल्यांची एक छोटी फाइल. कार्डावर १ जीबी मोकळी जागा ठेवा. बूटमीत रिमोट चालत नाही. गेमक्यूबचा कंट्रोलर लावा, नाहीतर कन्सोलवरचे पॉवर बटण दाबत पुढे सरका आणि रीसेटने निवडा. पडद्यावर ब्लॉकांची चौकटी जाळी भरत जाते. त्यात काही ब्लॉक खराब दिसले तर दचकू नका, कारखान्यातून निघतानाच काही ब्लॉक तसे असतात. मात्र लिहिताना कार्डाची चूक आली तर तीच फाइल चालवून घेऊ नका. कार्ड बदला आणि नव्याने घ्या. प्रत तपासण्याची पायरी वगळू नका.

ती प्रत त्याच कन्सोलला लागू पडते. किल्ल्या प्रत्येक यंत्राच्या वेगळ्या, त्यामुळे मित्राच्या वीची प्रत आपल्या वीत घालायची नसते.

पेन ड्राइव्हला एवढा विरोध का? माझा तर चालतो.

चालत असेल तर चालवा. अ‍ॅप्ससाठी बहुतेक चालतातच. अडचण गेम चालवताना येते. गेम डिस्कवरून सतत, वेगवेगळ्या ठिकाणचे बारीक तुकडे मागतो. स्वस्त पेन ड्राइव्हचा कंट्रोलर मधूनच दम घेतो. संगणक अशा वेळी थांबून पुन्हा विचारतो, गेम मात्र थांबत नाही : चित्रफीत अडखळते, आवाज तुटतो किंवा लोडिंगच्या पडद्यावर सगळे गोठते. एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलचे दोन नग वेगळे वागतात, कारण आतली चिप गुपचूप बदललेली असते. म्हणून 'कोणता पेन ड्राइव्ह घेऊ' याला पक्के उत्तर देता येत नाही. हार्ड डिस्कला देता येते.

कोणती हार्ड डिस्क?

लॅपटॉपमधून निघालेली २.५ इंची, ३२० किंवा ५०० जीबीची जुनी डिस्क आणि तिला साधी यूएसबी केसिंग. वीचे पोर्ट यूएसबी २.० आहेत, त्यामुळे एसएसडीचा वेग वाया जातो. एसएसडीचा फायदा एवढाच की ती फिरत नाही, म्हणून सुरू होताना जास्त वीज ओढत नाही. यूएसबी ३ ची डिस्क लावली तरी चालते, २.० च्या वेगाने.

५०० जीबीची डिस्क संगणकावर ४६५ दिसते. वीची एकपदरी गेम डिस्क त्याच मापाने सुमारे ४.३८ जीबी. म्हणजे एकही बाइट न छाटता शंभरावर गेम मावतात आणि डब्ल्यूबीएफएस (वी गेमच्या छाटलेल्या प्रतीचा प्रकार) फाइल केल्यावर भरणीचा निरुपयोगी डेटा गळून कितीतरी जास्त. १ टीबीच्या वर जाण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

डिस्क टिकटिक करते आणि दिसत नाही.

वीज कमी पडते. यूएसबी २.० पोर्ट ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर द्यायला बांधील आहे. तबकडी फिरायला सुरुवात होते त्या क्षणी २.५ इंची डिस्क त्याहून जास्त मागते, मिळाले नाही की थांबते, पुन्हा उठायचा प्रयत्न करते. टिकटिक ती. डिस्क खराब झाली असे लगेच समजू नका. आधी वाय आकाराची, दोन टोकांची केबल लावा आणि दोन्ही टोके वीच्या मागच्या दोन पोर्टमध्ये घाला. लॅन अडॅप्टरने एक पोर्ट अडवला असेल तर फक्त वीज घेणारे टोक ५ व्होल्टच्या मोबाइल चार्जरला लावता येते. स्वतःचा अडॅप्टर असलेली ३.५ इंची डिस्क घेतली तर हा प्रश्नच येत नाही, फक्त टीव्हीमागे आणखी एक वायर वाढते. यूएसबी हब मध्ये घालू नका.

मागच्या दोनांपैकी कोणता पोर्ट?

कन्सोलच्या बाहेरच्या कडेला जवळचा. कन्सोल आडवा ठेवला असेल तर खालचा. काही लोडर, म्हणजे साठवलेले गेम चालवणारे प्रोग्रॅम, याच पोर्टकडे बघतात. डेटाचे टोक इथे आणि वाय केबलचे विजेचे टोक दुसरीकडे.

यूएसबी फार संथ आहे, एक गेम उघडायला पाच मिनिटे.

अ‍ॅप जुन्या आयओएसवर (वीच्या आतल्या सिस्टिम सॉफ्टवेअरवर, आयफोनच्या नव्हे) चालत असेल तर पोर्ट यूएसबी १.१ च्या वेगाने काम करतो. २.० चा वेग देणारा आयओएस५८ हा जून २०१० च्या मेनू ४.३ सोबत आला आणि आजचे होमब्रू चॅनल तोच वापरते. चॅनल आणि अ‍ॅप दोन्ही ताजी करा. गेम लोडरला याशिवाय डीटूएक्स सीआयओएस, म्हणजे बदल केलेला आयओएस, लागतो.

फॅट३२वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जात नाही. मग ४.३८ जीबीची गेम डिस्क कशी ठेवायची?

तुकडे करून. गेमच्या फाइलला डब्ल्यूबीएफएस बनवणारे प्रोग्रॅम ४ जीबीच्या आत पहिला तुकडा संपवतात आणि उरलेला भाग डब्ल्यूबीएफ१ नावाने शेजारी ठेवतात. लोडर दोन्ही मिळून एक गेम मानतो. दोनपदरी, साडेआठ जीबीच्या डिस्कलाही हेच. दुसरा तुकडा कॉपी करायचा राहिला तर गेम सुरू होतो आणि मध्येच कुठेतरी मरतो. कारण शोधायला बराच वेळ जातो.

क्लीनरिपने स्वतःची डिस्क उतरवताना फॅट३२ निवडले की ते तुकड्यांचा आकार विचारते. ते तुकडे नंतर संगणकावर जोडून डब्ल्यूबीएफएस करायचे. फोल्डरचे नाव गेमचे नाव आणि चौकटी कंसात सहा अक्षरी क्रमांक, आतल्या फाइलचे नाव तोच क्रमांक.

मग एनटीएफएसच करतो, तुकड्यांची कटकट नको.

काही गेम लोडर एनटीएफएस वाचतात, पण होमब्रू चॅनल आणि निन्टेन्डोन्ट (गेमक्यूबचे गेम चालवणारा प्रोग्रॅम) वाचत नाहीत. म्हणजे निम्मी साधने आंधळी. तुकडे प्रोग्रॅम आपोआप करतो. कटकट अशी नाहीच.

जुन्या मार्गदर्शिकांत डब्ल्यूबीएफएस हा पूर्ण पार्टिशनचाच फॉरमॅट सांगितलेला आढळेल. ते आता करू नका. विंडोजला तो कळत नाही. डिस्क लावताच 'फॉरमॅट करू का' असे विचारते आणि घरातल्या कोणीतरी 'हो' दाबले की सगळे गेले.

गेमक्यूबचे गेमही त्याच डिस्कवर?

हो, निन्टेन्डोन्टने, 'गेम्स' या फोल्डरमध्ये. गेमक्यूबची डिस्क जेमतेम दीड जीबीची, म्हणून तुकडे लागत नाहीत. थोडेच गेम असतील तर एसडी कार्डही पुरते. क्लस्टर ३२ किलोबाइटच ठेवायचे.

४ टीबीची डिस्क पडून आहे.

दुसऱ्या कामाला लावा. ५१२ बाइटच्या सेक्टरांवर एमबीआर २ टीबीपर्यंतच जाते. २ टीबीवरही ३२ किलोबाइटचे पावणेसात कोटी क्लस्टर होतात आणि नुसता फॅटचा तक्ता २५६ एमबीचा. वीची एकूण रॅम ८८ एमबी आहे. मोकळी जागा मोजायला ती किती वेळ घेईल, याचा अंदाज करा.

वी मिनी आणि वी यूवर काय बदलते?

वी मिनीला एसडी खाचाच नाही, सगळे यूएसबीवर. लेटरबॉम्ब तिथे चालत नाही, ब्लूबॉम्ब वापरतात.

वी यूमध्ये समोर एसडी खाचा आहे आणि आतल्या वी मोडचे होमब्रू त्यावरून चालते. फॅट३२ची हार्ड डिस्क लावली की वी यू स्वतःहून ती फॉरमॅट करायला मागते. प्रत्येक वेळी 'नाही' म्हणायचे. एकदा 'हो' म्हटले की डिस्क फक्त त्या वी यूची होते आणि आधीचे सगळे पुसले जाते.

अमेरिकेतून आणलेला वी आहे. इथे हार्ड डिस्क आणि अडॅप्टर चालतील का?

डिस्कच्या अडॅप्टरवरचे 'इनपुट' वाचा. १०० ते २४० व्होल्ट लिहिलेले असेल तर फक्त पिनचा फरक. वीचा अमेरिकी अडॅप्टर मात्र १२० व्होल्टचा असतो. तो आपल्या २३० व्होल्टला थेट लावला की जातो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, किंवा १२ व्होल्ट, ३.७ अँपिअर देणारा आणि वीचाच प्लग असलेला २३० व्होल्टचा अडॅप्टर.

गेम चालू असताना कार्ड काढले तर चालते का?

वाचन-लेखन चालू नसेल तर काही होत नाही, पण ते चालू आहे की नाही हे बाहेरून कळायला दिवा नाही. बंद करूनच काढा. पॉवर दिवा लाल किंवा केशरी झालेला असावा. हिरवा असताना नाही.